नवी गाडी, ओबेद-अदोमाचे घर आणि मधले तीन महिने

वाट पाहण्याच्या काळात मागच्या चुकांचा हिशेब कसा मांडावा, हे शिकताना आमचा अभ्यासवर्ग एकच घटना धरून बसतो. इस्राएलाचा राजा दावीद याने कराराचा कोश, म्हणजे देवाच्या सान्निध्याची खूण असलेली पवित्र पेटी, यरुशलेमात आणायचा पहिला प्रयत्न केला, तो फसला, कोशाला हात लावणारा उज्जा जागीच मेला, कोश तीन महिने ओबेद-अदोम गित्ती याच्या घरी राहिला आणि दुसऱ्या प्रयत्नात तो नगरात पोहोचला. वाट पाहण्यावरच्या संदेशांत अब्राहाम, योसेफ आणि मोशे ठरलेलेच असतात. पण त्यांचा काळ २५, १३ आणि ४० वर्षांचा, आणि मधल्या वर्षांत काय चालले होते याची नोंद त्रोटक. दाविदाच्या तीन महिन्यांचे तसे नाही. आधीचे, नंतरचे आणि मधलेही लिहिलेले आहे, तेही दोन ग्रंथांत. चूक नेमकी कुठे झाली आणि दुसऱ्या वेळी तिथेच काय बदलले, हे बोट ठेवून दाखवता येते.

अभ्यास आम्ही शक्यतो उपवासकाळात (ईस्टरच्या आधीचे दिवस) घेतो, कारण त्या दिवसांत लोक मागे वळून बघायला तयार असतात. साहित्य फारसे लागत नाही. प्रत्येकाला एक वही, पेन्सिल (पेन नको, खोडावे लागते) आणि पवित्र शास्त्र. मोबाइलवरचे बायबल चालते, पण एका वेळी दोन अध्याय शेजारी ठेवायचे असल्याने छापील प्रत सोयीची पडते.

वाचायचे आहेत चार अध्याय: २ शमुवेल ६, आणि १ इतिहास १३, १४ व १५. अनुक्रमे २३, १४, १७ आणि २९ वचने, म्हणजे एकूण ८३. मोठ्याने वाचायला पंधरा मिनिटे पुरतात. वहीचे डावे पान शमुवेलाला, उजवे इतिहासाला. एका ग्रंथात आहे आणि दुसऱ्यात नाही अशा ठिकाणी समोरची जागा कोरी ठेवायची. ती आपल्या कल्पनेने भरायचा मोह होतो, विशेषतः ज्यांनी ही गोष्ट रविवार शाळेपासून ऐकली आहे त्यांना. म्हणून सुरुवातीलाच बजावावे लागते. पुढे काम होते ते या कोऱ्या जागांवरच.

शमुवेलाच्या पानावर लेवींचे, म्हणजे पवित्र सेवेसाठी नेमलेल्या लेवी वंशातल्या लोकांचे, नाव कुठेच येत नाही. इतिहासाच्या पानावर, ओबेद-अदोमाच्या घराण्याला आशीर्वाद मिळाला एवढे येते, पण ती बातमी दाविदाच्या कानावर गेली हे येत नाही. फक्त शमुवेल वाचणारा म्हणतो, आशीर्वाद दिसला म्हणून दावीद पुन्हा निघाला. फक्त इतिहास वाचणारा म्हणतो, कोश लेवींनीच वाहायचा हा नियम सापडला म्हणून निघाला. दोन्ही पाने समोर असली की कळते की दोन्ही लागले. बातमीने भीती गेली, नियमाने रीत सुधारली. भीती गेली पण रीत तीच राहिली असती तर कुणाचा तरी हात पुन्हा कोशाला लागला असता.

पहिल्या फेरीत फक्त क्रियापदे उतरवायची. कारणे नाहीत, हेतू नाहीत, ‘बिचारा’, ‘उतावळा’ अशी विशेषणे नाहीत. १ इतिहास १३ मधून साधारण असे निघते: मसलत केली, बोलला, लोक कबूल झाले, जमवले, वर गेले, गाडीवर ठेवला, हाकली, गायले-नाचले, बैल अडखळले, हात लावला, मेला, रागावला, भ्याला, वळवला. मग प्रत्येक क्रियापदापुढे ‘कोणी’ आणि ‘कोणाला’ लिहायचे. मसलत केली कोणाशी? सहस्राधिपती, शताधिपती आणि सगळे अधिकारी. देवाशी नाही. त्याच भाषणात दावीद ‘आपला देव परमेश्वर याच्याकडून हे असेल तर’ अशा अर्थाचे बोलतो, म्हणजे देवाचे नाव आहे; त्याला विचारल्याची नोंद नाही. आपल्याकडच्या प्रत्येक कमिटीच्या ठरावात ‘प्रभूची इच्छा असल्यास’ असते, त्यातलाच हा प्रकार. चौथ्या वचनात म्हटले आहे की ही गोष्ट सर्व लोकांना योग्य वाटली. एकमत झाले होते. या घटनेतला सगळ्यात दुर्लक्षित तपशील हाच असेल.

आता हाच दावीद आधी कसा वागला होता ते पाहावे. कईला नगरावर शेजारचे शत्रू पलिष्टी चालून आले तेव्हा त्याने परमेश्वराला विचारले, माणसे भ्याली म्हणून पुन्हा विचारले (१ शमुवेल २३). सिकलाग जळले, बायकामुले पळवली गेली, स्वतःचीच माणसे धोंडमार करायच्या गोष्टी बोलू लागली, तेव्हा अब्याथार याजकाकडून एफोद (देवाला विचारताना वापरायचे याजकाचे वस्त्र) मागवून विचारले (१ शमुवेल ३०). आधीचा राजा शौल मेल्यावर यहूदाच्या नगरांपैकी एखाद्यात जाऊ का, हे विचारले. ‘जा’ असे उत्तर आल्यावर ‘कोणत्या?’ हेही विचारले, आणि हेब्रोन हे नाव मिळाले (२ शमुवेल २:१). हा माणूस विचारत नव्हता असे नाही. संकट आले की तो विचारायचा. मिरवणुकीच्या वेळी विचारायचे त्याला सुचले नाही. एका ठिकाणी शिकलेला धडा दुसऱ्या ठिकाणी आपोआप लागू पडत नाही, हे इथे स्वच्छ दिसते. आमच्या मंडळ्यांत ऑपरेशनच्या आदल्या रात्री साखळी प्रार्थना होते. सभागृहाच्या बांधकामाचे कंत्राट देताना मात्र हात वर करून मतदान होते आणि शेवटी प्रार्थनेने सभा संपते.

दुसरी फेरी गाडीची. इथे घाई करू नये, कारण सगळी चूक गाडीत भरलेली आहे आणि ती पहिल्या वाचनात दिसत नाही. कोश अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच, बाभळीच्या लाकडाचा, आतून-बाहेरून सोन्याने मढवलेला. चार पायांना चार सोन्याच्या कड्या, कड्यांत दांडे, आणि दांडे काढायचे नाहीत अशी आज्ञा (निर्गम २५:१०-१५). म्हणजे तो कसा उचलायचा हे त्याच्या बनावटीतच होते. पुढे गणना ४ मध्ये उचलण्याआधीचा क्रम येतो: अहरोन आणि त्याच्या मुलांनी आधी पडदा काढून त्याने कोश झाकायचा, वर कातड्याचे आच्छादन, त्यावर निळे वस्त्र, मग दांडे नीट बसवायचे, त्यानंतर कहाथाच्या वंशजांनी (लेवींच्या तीन घराण्यांपैकी एक; दुसरी दोन गेर्षोम आणि मरारी यांची) तो उचलायचा, आणि त्यांनीही पवित्र वस्तूला हात लावायचा नाही, लावला तर मरतील (४:१५).

बहुतेकांना माहीत नसते ते गणना ७ मध्ये आहे. सरदारांनी निवासमंडपासाठी (उपासनेच्या फिरत्या तंबूसाठी) सहा गाड्या आणि बारा बैल आणून दिले. मोशेने दोन गाड्या व चार बैल गेर्षोमाच्या वंशजांना दिले, चार गाड्या व आठ बैल मरारीच्या वंशजांना दिले. कहाथाच्या वंशजांना एकही गाडी दिली नाही, कारण त्यांच्याकडची पवित्र वस्तूंची सेवा खांद्यावरून वाहायची होती (७:९). गाडी मुळात निषिद्ध नव्हती. देवाच्याच कामात, त्याच छावणीत, पडद्यांना आणि फळ्यांना गाडी होती. कोशाला नव्हती. इतकी बारीक चूक ‘आम्ही पापी आहोत’ अशा कबुलीत कधीच सापडत नाही. त्यासाठी पान उघडून वाचावे लागते.

मग दाविदाला गाडी सुचली कुठून? १ शमुवेल ६ उघडावे. पलिष्ट्यांनी लढाईत जिंकून नेलेला कोश परत पाठवताना त्यांच्या याजकांच्या आणि शकुन पाहणाऱ्यांच्या सल्ल्याने नवी गाडी केली, कधी जू न घेतलेल्या दोन दुभत्या गाई जुंपल्या, आणि गाई हंबरत सरळ बेथ-शेमेशला गेल्या. कुणी मेले नाही. उपाय चालला. दाविदाची गाडीही नवी होती. चाललेल्या उपायाची नक्कल करताना तो मुळात कोणाचा होता हे कुणी पाहिले नाही. त्याच अध्यायात पुढे बेथ-शेमेशमध्ये लेवींनी कोश उतरवून घेतला आणि कोशात डोकावणारे मेले, हेही आहे. त्या उदाहरणातला हा भाग सोयीने गळला. वहीत ‘हे आपण कुणाचे बघून केले?’ असा एक रकाना आम्ही ठेवतो तो यासाठी. बहुतेक लोक तिथे अडखळतात. दुसऱ्या शहरातल्या मंडळीचे, धाकट्या भावाच्या धंद्याचे, टीव्हीवरच्या प्रचारकाचे, नाहीतर स्वतःच्याच एका जुन्या यशाचे बघून केलेले असते.

आणखी एक गोष्ट सवयीची. कोश अबीनादाबाच्या टेकडीवरच्या घरी आला तो संदेष्टा शमुवेल याच्या तरुणपणी. १ शमुवेल ७:२ मध्ये २० वर्षे म्हटले आहे, पण तो आकडा मिस्पाच्या सभेपर्यंतचा. त्यापुढे शौलाची सगळी कारकीर्द आणि दाविदाची हेब्रोनमधली साडेसात वर्षे गेली. उज्जा आणि अह्यो त्याच घरचे. कोश त्यांच्यासाठी रोज डोळ्यांसमोरचा. गाडी कलल्यावर हात पुढे गेला तो अशा सहवासातून, असे आम्हाला वाटते. ग्रंथात तसे लिहिलेले नाही, म्हणून वहीत ते पेन्सिलीने कंसात राहते.

उज्जापाशी वर्ग हमखास अडतो. चांगल्या हेतूने हात लावला, तरी मृत्यू? प्रश्न रास्त आहे आणि तो दाबू नये. उत्तर गुळगुळीत करणारे स्पष्टीकरणही देऊ नये. दावीद स्वतः रागावला असे दोन्ही ग्रंथ सांगतात आणि त्या रागाबद्दल त्याला कुठेच दटावलेले नाही. वर्ग घेणाऱ्याने एवढेच दाखवावे आणि पुढे सरकावे. अर्धा तास इथे गेला की पुढचे तीन महिने वाचायला वेळ उरत नाही, आणि सगळा अभ्यास एका माणसाच्या हातावर संपतो. उज्जाच्या हातावर दोष ठेवला की गाडीवर जात नाही. गाडीवर गेला तर ती मागवणाऱ्यांवर जातो. हात ही साखळीची शेवटची कडी होती.

आता मधला काळ. राग, मग भीती, मग प्रश्न: देवाचा कोश मी माझ्याकडे कसा आणू? (१ इतिहास १३:१२). प्रश्न ‘का’चा नाही, ‘कसा’ असा आहे, आणि १५ व्या अध्यायात त्यालाच उत्तर मिळते. पण त्याआधी दावीद कोश वळवून दुसऱ्याच्या घरी ठेवतो. याकडे भित्रेपणा म्हणून पाहणारे आहेत. आम्हाला ते तसे वाटत नाही. रीत माहीत नसताना ढकलत नेण्यापेक्षा थांबणे बरे. धोका वेगळा होता: कोश तिथेच कायमचा राहण्याचा. एकदा पोळले की त्या कामाचे नावच काढायचे नाही, आणि वर त्याला ‘प्रभूची वेळ आली नाही’ असे म्हणायचे. या मधल्या काळात आम्हाला सर्वाधिक भेटते ते हेच वाक्य. ते खरे असू शकते. पण म्हणणाऱ्याने पान उघडून रीत शोधली आहे का, हे आधी विचारावे.

इतिहासकाराने या तीन महिन्यांच्या जागी १४ वा अध्याय घातला आहे. शमुवेलात पलिष्ट्यांच्या या दोन लढाया कोशाच्या आधी येतात (२ शमुवेल ५), इतिहासात त्या दोन प्रयत्नांच्या मध्ये. कोणता क्रम काळाचा, यावर वर्गात वाद रंगू देऊ नये. इतिहासकाराने मधल्या कोऱ्या जागेत काय ठेवणे पसंत केले, एवढे पाहिले तरी पुरते. पलिष्टी रेफाईम खोऱ्यात पसरले. दाविदाने विचारले: चढाई करू का? उत्तर आले, कर, विजय झाला. पलिष्टी पुन्हा आले, त्याच खोऱ्यात. शत्रू तोच, जागा तीच, आणि पहिला डाव नुकताच यशस्वी झालेला. तरी दाविदाने पुन्हा विचारले, आणि या वेळी उत्तर निराळे आले: समोरून जाऊ नको, वळसा घालून तुतीच्या झाडांसमोरून जा, झाडांच्या शेंड्यांतून पावलांचा आवाज ऐकलास की मग निघ. यशाचीही नक्कल करायची नाही, हा धडा गाडीच्या चुकीशेजारी असा येऊन बसतो. शिवाय ही वाट पाहणे तासांची होती, महिन्यांची नव्हे, आणि लढाईच्या मैदानात उभे राहून पाहायची होती.

१५ व्या अध्यायात काम सुरू होते. कोशासाठी जागा तयार केली, तंबू ठोकला. मग दावीद सांगतो की लेवींखेरीज कुणी कोश वाहायचा नाही (१५:२). गणना ७ सापडले. बोलावलेल्यांची यादी नावानिशी आणि आकड्यांसह आहे: कहाथाच्या वंशातला उरीएल आणि त्याचे भाऊबंद १२०, मरारीचा असाया आणि २२०, गेर्षोमाचा योएल आणि १३०, अलीसाफानाचा शमाया आणि २००, हेब्रोनाचा एलीएल आणि ८०, उज्जीएलाचा अम्मीनादाब आणि ११२. बेरीज ८६२. पहिल्या खेपेला शमुवेलाच्या सांगण्याप्रमाणे इस्राएलातली निवडक ३०,००० माणसे होती आणि त्यांत कोश कुणी वाहायचा हेच ठरले नव्हते. ही तुलना वर्गातल्या कुणीतरी स्वतःहून करावी म्हणून थांबावे, सहसा करतातच.

सादोक आणि अब्याथार या याजकांसह सहा मुख्य लेवींना दावीद बोलावतो आणि १३ व्या वचनात कारण सांगतो: पहिल्या वेळी तो तुम्ही वाहिला नाही, आपण विधीप्रमाणे त्याला शरण गेलो नाही, म्हणून परमेश्वर आपल्यावर तुटून पडला. वाक्य नीट तपासावे. ‘तुम्ही वाहिला नाही’ ही वस्तुस्थिती आहे, लेवी नव्हतेच. पण पुढच्या अर्ध्यात ‘आपण’ येते आणि त्यात राजा स्वतः आला. उज्जाचे नाव या कबुलीत नाही. मेलेल्या माणसावर खापर फोडणे सगळ्यात सोपे होते.

निघाल्यावरही सावधगिरी दिसते. कोश वाहणारे सहा पावले गेल्यावर बैल आणि पुष्ट पशू अर्पण केला गेला (२ शमुवेल ६:१३). हे एकदाच झाले की दर सहा पावलांनी, यावर टीकाकारांत दुमत आहे. आमच्या कामापुरते एवढे की सुरुवातीच्या काही पावलांतच थांबून पाहिले गेले. पहिल्या वेळी बैल नाखोनाच्या खळ्यापर्यंत पोहोचले आणि मग अडखळले, तोवर मध्ये थांबल्याची नोंद नाही. पुन्हा सुरुवात करताना पहिला टप्पा इतका आखूड ठेवावा की चूक झाली तर कुणी चेंगरू नये. बंद पडलेली प्रार्थनासभा पुन्हा सुरू करायची तर वर्षभराचे पत्रक छापायच्या आधी तीन-चार आठवडे घ्यावी. तुटलेल्या नात्यात पहिले बोलणे अर्ध्या तासाचे ठेवावे आणि जुना हिशेब त्या दिवशी काढू नये.

शेजारी ठेवून पाहायला शौल लागतो. त्याच्याशिवाय हा अभ्यास अर्धवट राहतो. गिल्गालात शमुवेलाची सात दिवस वाट पाहायची होती. समोर मिखमाशला पलिष्टी, सैन्य पांगत चाललेले; ३,००० निवडक माणसांतून शेवटी सुमारे ६०० उरली (१ शमुवेल १३:२, १५). शौल सात दिवस थांबला. मग शमुवेलाने करायचे होमार्पण स्वतःच केले, आणि ते संपते न संपते तोच शमुवेल आला. शांत्यर्पण व्हायचेच होते. शौलाने तीन कारणे दिली: लोक पांगत होते, तुम्ही ठरल्या वेळी आला नाहीत, पलिष्टी जमले होते. तिन्ही खरी आहेत. खोटे एकही नाही, म्हणूनच ते उतरवताना वर्ग गप्प होतो. कारणे खरी असणे आणि चूक कळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पुढच्याच अध्यायात शौल याजकाकरवी देवाला विचारू लागतो, पलिष्ट्यांच्या छावणीतला गोंधळ वाढतो आणि तो याजकाला हात आवरता घ्यायला सांगतो (१४:१९). त्याच्या पुढच्यात अमालेकी लोकांविरुद्धची आज्ञा अर्धवट पाळणे, आणि ‘मी लोकांना भ्यालो’ अशी कबुली (१५:२४). तीन अध्याय, तीन प्रसंग, आणि प्रत्येक वेळी लोकांच्या किंवा गलक्याच्या दडपणाखाली थांबणे, विचारणे किंवा ऐकणे मध्येच तोडणे. १५ व्या अध्यायात तर ‘मी पाप केले’ हे शब्दही तो उच्चारतो आणि लागलीच वडीलधाऱ्यांसमोर आपला मान राखावा अशी विनंती करतो. दाविदाच्या कबुलीनंतर दांडे आले. शौलाच्या कबुलीनंतर कामाची रीत बदलली नाही.

स्वतःची वही भरायची वेळ येते तेव्हा आम्ही एक मर्यादा आधीच घालतो. प्रत्येक वाट पाहण्यामागे चूक असतेच असे नाही. जखऱ्या आणि अलीशिबा दोघे देवाच्या दृष्टीने नीतिमान, निर्दोष होते आणि त्यांना मूल नव्हते (लूक १:६-७). तुरुंगात प्यालेबरदाराने आठवण ठेवली नाही म्हणून योसेफाची दोन वर्षे गेली (उत्पत्ती ४०:२३, ४१:१), त्यात त्याचा दोष नव्हता. जन्मांधाबद्दल शिष्यांनी ‘पाप कोणाचे?’ विचारले तेव्हा येशूने तो प्रश्नच मान्य केला नाही (योहान ९:३). मूल होत नसलेल्या जोडप्याला, आजारी माणसाला किंवा नोकरी गेलेल्याला ‘तुमची गाडी कोणती?’ असे वर्गात विचारणे हा अत्याचार आहे, आणि मंडळ्यांत तो सर्रास चालतो. वही ज्याची त्याने घरी भरायची, वाचून दाखवायची नाही. ज्याला आपली नेमकी चूक माहीत आहे आणि ज्याचे काम तीमुळेच थांबले आहे, त्याच्यासाठीच पुढचे पान.

त्या पानावर रकाने पाच: काय केले (फक्त क्रियापदे), कुणाला विचारले आणि कुणाला नाही, कुणाचे बघून केले, शास्त्रात किंवा साध्या नियमात याची रीत काय होती, आणि दुसऱ्या वेळी त्याच जागी काय वेगळे करणार. चौथा रकाना वेळ खातो. तो भरण्यासाठी बायबलमध्ये कुठे शोधायचे हे कळत नसेल तर पाळकांना किंवा त्या विषयातल्या जाणकाराला विचारावे. पैशाची चूक असेल तर हिशेब कळणाऱ्याला. दाविदानेही ज्यांचे हे काम वंशपरंपरेने होते त्यांनाच बोलावले. पाचव्या रकान्यात ‘अधिक प्रार्थना करीन’, ‘विश्वास वाढवीन’ असे लिहिलेले आले की आम्ही ते परत करतो. दांडे, कहाथाचे वंशज, सहा पावले, इतके ठोस काही हवे. सुचत नसेल तर रकाना रिकामा राहू द्यावा आणि काम सुरू करू नये. तीन महिने हा आकडा मात्र नियम म्हणून धरू नये. नव्वद दिवसांचा कार्यक्रम करून तो विकणारे लोक आहेत.

भरलेली वही बंद करून ठेवून चालत नाही. ती पुन्हा केव्हा काढायची याचे उत्तर अब्राहामाच्या चरित्रात मिळते, म्हणून शेवटची बैठक उत्पत्ती २० वर घेतो. मिसरात बायको सारे हिला बहीण म्हणून सांगण्याची चूक त्याने आधी केली होती (अध्याय १२). गरारला अबीमलेखापुढे तीच पुन्हा केली. ही दुसरी वेळ कधीची? पुढल्या वर्षी या सुमारास सारेला मुलगा होईल, असे वचन मिळाले (१८:१०) आणि इसहाक जन्मला (अध्याय २१), यांच्या मधली. २५ वर्षांच्या प्रतीक्षेचे शेवटचे वर्ष. आणि जाब विचारल्यावर त्याने सांगितले की घर सोडले तेव्हापासून जिथे जाऊ तिथे असेच सांगायचे असे दोघांचे ठरलेले होते (२०:१३). मिसरातला प्रसंग संपला होता, ठरलेले मात्र मोडले नव्हते. शौलानेही सातवा दिवस येईपर्यंत धीर धरला होता. उत्तर जवळ आले, तारीख ठरली, मंजुरी मिळाली, स्थळाकडून होकार आला, की त्याच आठवड्यात वही काढून तिसरा आणि पाचवा रकाना वाचावा; आणि घरातल्या दुसऱ्या माणसाशी आपले आधीपासून काही ‘ठरलेले’ असेल तर ते दोघांनी मिळून, तोंडाने बोलून, मोडावे.